आजीची पेटी डिजिटल करायचीय? बंजारा कपड्यांची नोंद करायला निघालेल्या नवख्यांसाठी

काही वर्षांपूर्वी होळीला गावी गेलो होतो, आमचा तांडा यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या बाजूला, तेव्हा आजीच्या पत्र्याच्या पेटीतलं सगळं बाजेवर पसरून मोबाईलवर २१२ फोटो काढले आणि झालं डिजिटायझेशन म्हणून खुशीत पुण्याला परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात आजी गेली. दिवाळीच्या आत दारावर आलेल्या एका व्यापाऱ्यानं दोन कांचळ्या (आरसे-भरतकामाच्या चोळ्या) आणि एक फेटिया (घेरदार घागरा) काकीकडून किरकोळ पैशात उचलला, बहुतेक कापून पर्सवर लावायला. मग मी फोटो उघडले तर लाल रंग नारिंगी दिसतोय, निम्म्या फोटोंत माझी सावली, उलटी बाजू एकाचीही नाही, माप नाही, आणि शिवलं कोणी हे सांगणारी बाईच उरली नाही.

त्यानंतर शिकत शिकत आजूबाजूच्या तांड्यांवरच्या साठेक वस्तूंची नीट नोंद केली. मी काही संग्रहालयवाला नाही, आयटीत नोकरी करतो. जे चुकत चुकत कळलं ते लिहितोय. उदाहरणं सगळी बंजारा कपड्यांची आहेत पण गोव्यातली कुणबी साडी असो की धनगरांची घोंगडी, पद्धत बरीचशी हीच लागेल.

१) आधी माणसं, मग कॅमेरा

तांड्यावर थेट ट्रायपॉड घेऊन उतरू नका. नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला भेटा, जय सेवालाल म्हणा (आमचा नमस्कार), चहा घ्या, काय करायचंय ते सांगा आणि त्या दिवशी तसेच माघारी फिरा. आमच्या समाजाचाच असूनही मला दोनदा "सरकारी माणूस आहेस का, विकत घ्यायला आलायस का" असं विचारलं गेलं. आणि लोकांचं चुकतही नाही, कारण आजवर कपडे बघायला येणारा माणूस शेवटी ते घेऊनच गेलाय.

परवानगी कागदावर घ्या पण कागद समजावून सांगा, आणि एकच सही सगळ्याला लावू नका. फोटो काढायची वेगळी, आवाज रेकॉर्ड करायची वेगळी, नाव छापायची वेगळी, चेहरा दाखवायची वेगळी, इंटरनेटवर टाकायची वेगळी. बऱ्याच बायका म्हणतात कपडा दाखव, माझं नाव नको. काही जणी बरोबर उलटं म्हणतात. नंतर मन बदललं तर कुणाला फोन करायचा तेही कागदावर लिहा. सही येत नसेल तर अंगठा, आणि सोबत रेकॉर्डिंगवर तोंडी होकार.

इथला मोठा सापळा म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स, म्हणजे आपलं काम इतरांनी वापरायला दिलेली खुली परवानगी. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोसाठ्यात, फोटो टाकला की तो कोणीही धंद्यासाठीसुद्धा वापरू शकतो आणि एकदा दिलेलं लायसन्स मागे घेता येत नाही. म्हणजे तुमच्या आजीच्या कांचळीची नक्षी उद्या कुणीतरी बेडशीटवर छापेल आणि तुम्ही बघत बसाल. हे त्या बाईला आधी सांगितलंच पाहिजे, आणि याच उदाहरणानं सांगा, "ओपन ॲक्सेस" म्हणालात तर कुणाला काही कळणार नाही.

२) वेळ कधीची धरायची

दिवाळीनंतर कित्येक तांडे अर्धे रिकामे असतात. ऊसतोडीला गेलेली मंडळी मार्च-एप्रिलमध्येच परततात. तुम्ही डिसेंबरात सुट्टी काढून गेलात तर पेट्यांना कुलपं आणि दारात फक्त म्हातारी माणसं आणि पोरं. होळी सगळ्यात उत्तम. लेंगी (होळीची गाणी) म्हणायला जुना पोशाख बाहेर निघतो, कपडे अंगावर असतात, कुठला दागिना कशावर येतो, ओढणी डोक्यावर कशी बसते ते दिसतं. फोटोचं निवांत काम मात्र होळी उरकल्यावर दोन-चार दिवसांनी. श्रावणातला आमचा तीजेचा सणही चांगला, पण पावसात दमट हवा आणि लाईटचा भरवसा नाही.

३) सोबत काय लागेल

मॅन्युअल मोड आणि रॉ फाईल (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची, न दाबलेली फाईल) देणारा कुठलाही कॅमेरा, ५० किंवा ६० एमएमची लेन्स, जमलं तर मॅक्रो. भक्कम ट्रायपॉड, आडवा दांडा लावता येणारा असेल तर उत्तम. दोन सारखे एलईडी दिवे, खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त लिहिलेले. फोटोतले रंग जुळवायचं २४ रंगांचं कलर कार्ड, ते महाग वाटलं तर निदान ग्रे कार्ड. सेंटीमीटरची पट्टी, शिंप्याची टेप, धुतलेला मांजरपाट, ॲसिड-फ्री टिश्यू पेपर, करड्या रंगाचं न चमकणारं कापड, छोटा सपाट आरसा, आवाजासाठी रेकॉर्डर किंवा दुसरा मोबाईल, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन हार्ड डिस्क.

आणि पिक ग्लास. इचलकरंजी-मालेगावकडच्या यंत्रमागवाल्यांना विचारा, एका इंचात किती धागे ते मोजायचं घडीचं भिंग, स्वस्त मिळतं. टाके मोजायला याच्याइतकं कामाचं काही नाही.

स्कॅनर न्यायचा विचार असेल तर सोडा. साधे पातळ स्कॅनर काचेला टेकलेलंच स्पष्ट टिपतात, आरसे-कवड्यांमुळे कापड वर उचललेलं राहतं आणि सगळं धूसर येतं, वर झाकण दाबलं तर आरसा फुटायची भीती.

४) हात लावायच्या आधी

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पांढरे सुती हातमोजे घालू नका, सिनेमात बरे दिसतात पण त्यांचे धागे आरशांच्या कडांत अडकतात. हात साबणानं धुऊन कोरडे करा नाहीतर नायट्राईलचे (डॉक्टर घालतात तसे रबरी) मोजे घाला. कपडा दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचलायचा. नाणी आणि धातूचे घुंगरू लागलेली कांचळी खांद्याला धरून उचललीत तर तिच्याच वजनानं शिवण उसवते. माझ्याकडून एकदा उसवली आहे, त्या आवाजानं पोटात गोळा आला होता.

धुवायचं नाही. इस्त्री नाही. "जरा ब्रश मारून साफ करू" नाही. लाल आणि काळा रंग पाण्यात उतरतो आणि मळ हीसुद्धा माहिती असते, चुंबळीला मागे लोंबणारा जो भरतकामाचा पट्टा असतो त्यावरचा तेलकट डाग म्हणजे केसांचं तेल, म्हणजे ती वस्तू खरोखर वापरात होती.

परत ठेवताना घडी पडते तिथे टिश्यूची गुंडाळी घाला. साधी साडी नळीवर गुंडाळता येते पण आरसेकाम गुंडाळू नका, सपाट ठेवा. डांबरगोळ्या कापडावर थेट टाकलेल्या असतील तर काढून घरच्यांना सांगा.

५) फोटो

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच वाया घालवलाय.

जागा: शाळेची खोली नाहीतर समाजमंदिर. खिडक्या काळ्या कापडानं झाका, ट्यूबलाईट बंद. दिवसाचा उजेड आणि दिवा एकत्र झाले की रंगाची वाट लागते आणि ते नंतर सॉफ्टवेअरमध्येही सुटत नाही. भिंत निळी-हिरवी असेल तर तिची झाक पांढऱ्या कवड्यांवर उतरते, भिंतीपासून लांब मांडा.

कॅमेरा कापडाला समांतर हवा. कापडाच्या जागी मधोमध छोटा आरसा सपाट ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यावर आलं की कॅमेरा सरळ. पाच मिनिटांचं काम आहे पण हे केलं नाही तर चौकोनी रुमाल फोटोत पतंगासारखा येतो.

सेटिंग: आयएसओ १००, एफ ८ च्या आसपास, शटर जे येईल ते, दोन सेकंदांचा टायमर. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. पहिल्या फ्रेममध्ये कलर कार्ड, पट्टी आणि वस्तूचा नंबर. दिवा हलवला, खोली बदलली तर कार्ड पुन्हा.

आता आमच्या कपड्यांची खास डोकेदुखी, लाल रंग. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं पण लाल चॅनेल फुटलेला असतो, म्हणजे लाल कापडावर लाल धाग्यानं भरलेलं काम सपाट ठिगळ दिसतं. साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेड किती ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) बघून कळणार नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा चालू करा आणि लाल उजवीकडे आपटत असेल तर एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली आणा. माझा पहिल्या दहा कपड्यांचा लाल असाच गेला.

दुसरी डोकेदुखी आरसे. एका कांचळीच्या फोटोत चाळीसेक आरसे आणि प्रत्येकात मी, पिवळ्या टीशर्टात! काळे कपडे घाला, लेन्सपुढे भोक पाडलेलं काळं कापड टांगा. त्याहून पुढे जायचं असेल तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर लावून तो हळूहळू फिरवा, एका जागी सगळी चमक मरते आणि धाग्यांचे रंग कमालीचे स्वच्छ येतात. पण मग आरसे काळे ठिक्कर दिसतात, जणू कपड्याला भोकं पडलीत. म्हणून दोन्ही घ्या, एक चमक मारून रंगासाठी आणि एक चमक ठेवून. थ्रीडी करूया असं कोणीतरी म्हणेलच, त्यांना नम्रपणे सांगा की आरशांवर फोटोग्रामेट्री (बरेच फोटो जोडून थ्रीडी आकार बनवणं) गडबडते, शंभर फोटो काढून शेवटी खड्डे पडलेला गोळा मिळतो.

तिसरी फेरी एका दिव्याची. दुसरा बंद करा, पहिला जमिनीलगत आणा, उजेड कापडावरून घासत गेला पाहिजे. धावदोऱ्याची ओळ न् ओळ उठून दिसते, कुठे उसवून परत शिवलंय तेही.

किती बारीक फोटो हवा? २४ मेगापिक्सेलची फ्रेम म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल. ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) हवं असेल तर एका फोटोत ५० बाय ३४ सेंटीमीटर एवढंच बसतं, ६०० ला त्याच्या निम्मं. कोथळी (छोटी पिशवी) आरामात बसते, फेटियाचा घेर कुठे बसायला? त्याचा एक पूर्ण फोटो घड्या नैसर्गिक पडू देऊन काढा आणि खालच्या काठाचे तुकड्या-तुकड्यानं, शेजारचे दोन फोटो तीसेक टक्के एकमेकांवर येतील असे. जोडायला ह्युगिन फुकट आहे, रॉ उघडायला डार्कटेबल.

६) उलटी बाजू

हिच्यासाठी वेगळा नंबर देतोय कारण सगळे विसरतात, मीही विसरलो होतो. एका तांड्यावर मी कांचळीच्या पुढच्या बाजूवर अर्धा तास दिवे लावत बसलो होतो, ऐंशीच्या घरातल्या एक याडी (आमच्या बोलीत आई) दारात बसून बघत होत्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "समोरून सगळ्याच बायका चांगल्या दिसतात रे, उलटी कर." मग स्वतःच उठल्या, कांचळीची आतली बाजू बाहेर काढली आणि बोट ठेवत गेल्या. इथे गाठ मारलीय म्हणजे हे शिकणारीनं केलं. हा दोरा मागून लांब उडी मारून गेलाय, दोरा वाचवायचा सोडून ही घाई करत होती, लग्न जवळ आलं असणार. आणि हे अस्तर पिठाच्या पोत्याचं, बघ छाप दिसतोय. खरंच फिकट निळी अक्षरं होती, आणि मी पुढूनच बघत बसलो असतो.

साखळी आणि बखिया समोरून लांबून फसवतात, मागून लगेच ओळखू येतात. त्यामुळे प्रत्येक वस्तूची मागची बाजू पूर्ण, आणि निदान तीन ठिकाणी जवळून. अस्तर शिवून बंद असेल तर उसवायचं अजिबात नाही, जेवढं दिसतं तेवढं.

७) वय कसं ठरवायचं

"शंभर वर्षं जुनं आहे" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक घरात ऐकू येईल. लिहून घ्या, पण "घरच्यांच्या सांगण्यावरून" असं लिहून. मग खुणा शोधा.

नाणी सगळ्यात सोपी. शिवलेल्या प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू बघा, दिसत असतील तर. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, त्यामुळे नया पैसा लागला असेल तर ती शिवण त्यानंतरची. पण उलटं खरं नाही. पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जचं नाणं आहे म्हणून कपडा इंग्रजांच्या काळचा ठरत नाही, कारण आईच्या कांचळीची नाणी काढून लेकीच्या कांचळीला लावतात, तीन पिढ्या तीच नाणी फिरतात. नाणं फक्त एवढंच सांगतं की याच्याआधी हे शिवलेलं नाही.

आरसे: जुने आरसे फुंकलेल्या काचेच्या गोळ्यातून कापायचे, गुजरातेत कपडवंजला हे काम चालायचं, म्हणून ते किंचित फुगीर आणि कडेला ओबडधोबड असतात. एकसारखे गोल, सपाट किंवा प्लास्टिकचे असतील तर अलीकडचे. चमकदार ॲक्रिलिक लोकर किंवा पॉलिस्टरचा दोरा तसाच. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारून बघा, निळसर पांढरं चमकलं तर डिटर्जंट लागलाय किंवा दोरा नवा आहे. पण एक बाही नवी म्हणून सगळी कांचळी नवी ठरवू नका, प्रत्येक भागाची नोंद वेगळी.

धागा जाळून बघायची टेस्ट कॉलेजात शिकवतात, ती इथे करायची नाही.

८) शब्द लिहून घेणं

गोरबोलीला, म्हणजे आमच्या बंजारा भाषेला, स्वतःची लिपी नाही, आपण देवनागरीत लिहितो, आणि इथेच मराठी शिकलेल्या माणसाचा हात घसरतो. बाई फेटिया म्हणते, आपण फॉर्मवर "घागरा" लिहितो. ती छांटिया म्हणते किंवा टुकरी म्हणते, आपण "ओढणी". झालं, दोन वेगळे शब्द एका मराठी शब्दात बुडाले. म्हणून दोन रकाने ठेवा. एकात ती म्हणाली तसंच्या तसं, दुसऱ्यात मराठी अर्थ. कांचळी, काचोळी, कांचोळी जे ऐकू येईल ते लिहा, एकसारखं करायच्या भानगडीत पडू नका, त्या फरकावरून तांडा ओळखणारी माणसं आहेत.

समाजाच्या नावाचंही तेच. आपल्याकडे बंजारा आणि लमाण, कर्नाटकात लंबाणी, तेलंगणात लंबाडी, आंध्रात सुगाळी, आणि आपसांत गोर. शोधशब्दांच्या रकान्यात सगळी टाका नाहीतर हैदराबादच्या अभ्यासकाला तुमची नोंद सापडणारच नाही. मात्र संदूर लंबाणी भरतकाम हे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं नाव बल्लारी जिल्ह्यातल्या संदूरचं आहे, यवतमाळच्या तुकड्याला ते चिकटवू नका, कितीही भारी वाटलं तरी.

रेकॉर्डर चालू ठेवून कपडा हातात देऊन बोलतं करा. प्रश्नावली वाचत बसलात तर हो-नाही एवढीच उत्तरं मिळतात. मी चार गोष्टी विचारतो: कुणी शिवलं, कापड-दोरा कुठल्या बाजारातून, पहिल्यांदा कधी घातलं, आणि घालायचं कधी सोडलं. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जणी बराच वेळ गप्प बसतात. बसू द्या, पुढचा प्रश्न घाईनं टाकू नका.

नोंदीत एवढं तरी हवं: वस्तूचा नंबर, दोन्ही भाषांतलं नाव, तांडा-तालुका-जिल्हा, शिवणारी आणि सध्या जिच्याकडे आहे ती (परवानगी असेल तर), मापं, कापड, धागा, टाके, एका इंचात किती, जोडलेल्या वस्तू मोजून, दुरुस्त्या, सध्याची अवस्था, फोटो कुणी कधी काढले, कुणाला काय दाखवायची मुभा. साध्या एक्सेलमध्ये करा. डब्लिन कोअर नावाच्या, नोंदींसाठी जगभर चालणाऱ्या साच्याचे १५ रकाने आहेत त्यांना आपले रकाने नंतर जुळवता येतात, सुरुवातीलाच त्यात अडकू नका.

९) फाईली

नाव रोमन अक्षरांत आणि आकड्यांत, मध्ये जागा न सोडता. देवनागरी नावं काही जुन्या सिस्टीमवर चौकोन होऊन बसतात. जिल्हा, तांड्याचा नंबर, वस्तूचा नंबर, फोटोचा नंबर, बस. बाईचं नाव फाईलच्या नावात कधीच नको. तांड्याचं नेमकं जीपीएसही फोटोतून काढून टाका, व्यापारी तुमच्यापेक्षा हुशार असतात.

मूळ रॉ तशीच ठेवा, त्यातून एक टिफ, त्यातून दाखवायला छोटी जेपेग. १६ बिटची एक टिफ १४४ एमबीच्या आसपास जाते, साठ वस्तूंचे तीस-तीस फोटो धरले तर अडीचशे जीबीच्या पुढे. हा हिशोब मी आधी केला नव्हता, मग लॅपटॉप भरल्यावर घाईत जागा करताना एका अख्ख्या तांड्याच्या रॉ फाईली उडवल्या. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक दुसऱ्या गावात. आणि वर्षातून एकदा उघडून बघा.

१०) ठेवायचं कुठे

स्वतःची साईट करायची असेल तर असे संग्रह मांडायचं ओमेका नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, थोडं होस्टिंग लागतं. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेनं बनवलेलं जतन नावाचं सॉफ्टवेअर आहे, देशातली मोठी सरकारी संग्रहालयं ते वापरतात, पण ते संस्थांसाठी, तुमच्या-माझ्यासारख्या एकट्यानं संस्थेमार्फतच जावं. वाशीम जिल्ह्यात, आमच्या समाजाच्या तीर्थस्थानी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. अशा कुठल्याही ठिकाणी कॉपी द्यायची तर परवानगीच्या कागदात त्या जागेचं नाव आधीच घाला. नसेल तर परत तांड्यावर जाऊन विचारा, मी गेलोय.

जाहीर ठिकाणी लांब बाजू १५०० पिक्सेलची जेपेग पुरते, मोठी फाईल मागेल त्याला विचारून. लोकल कॉन्टेक्स्ट्स या संस्थेची ट्रॅडिशनल नॉलेज (पारंपरिक ज्ञान) लेबलं बघून ठेवा, ही नक्षी कुणाची आणि कशी वापरावी हे समाजाच्या बाजूनं सांगायची सोय आहे. कायदेशीर कुलूप नाही ते, पाटी आहे.

गोव्यात हणजुणेच्या बाजारात आपल्याच बायका जुन्या तुकड्यांच्या पिशव्या विकतात, त्यांचीही नोंद करता येते. तुकडा कुठून आला ते बहुतेक वेळा त्यांना माहीत असतं, विचारणारं कोणी नसतं. पिशवी विकत घेतलीत तर घासाघीस करू नका.

११) परत द्या

सगळं झाल्यावर प्रत्येक घराला त्यांच्या वस्तूंचे प्रिंट, आणि तांड्याच्या शाळेत एक जाडजूड वही, फोटो चिकटवून खाली मोठ्या अक्षरांत नाव. पेनड्राईव्ह देऊन मोकळं होऊ नका, तो कुठल्यातरी डब्यात जातो.

आणि वही देऊन लगेच पळू नका, तिथे बसा. मागच्या खेपेला त्याच याडींच्या मांडीवर वही ठेवली, त्यांनी एकेक पान उलटलं, सात-आठ नावं दुरुस्त केली, आणि १४ नंबरवर थांबून हसायलाच लागल्या. चुंबळ मी उलटी मांडली होती, कडं खाली आणि पट्टा वर, असं पाणी आणलं असतं तर घागर गेली असती म्हणाल्या. अशी दुरुस्ती आली की जुनी फाईल पुसू नका, ती तशीच ठेवून शेवटी व्ही२ लावलेली नवी करा, आणि नोंदीत कुणी कधी सांगितलं ते लिहा.